माउथपीस बदलण्याआधी

"आवाज बारीक येतोय, जरा चांगला माउथपीस द्या ना." ट्रम्पेट, कॉर्नेट घेऊन आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. माउथपीस म्हणजे वाद्याचा ओठांना लावायचा सुटा भाग. माउथपीस आम्ही विकतोच, त्यामुळे लगेच काढून देणं आम्हालाही सोयीचं. तरी आधी तुमच्या जुन्याच माउथपीसवर वाजवून दाखवा म्हणतो. काहींना याचा राग येतो. पण त्यामागे कारण आहे.

तुम्ही वाजवता तेव्हा आमचं लक्ष तुमच्या उजव्या करंगळीकडे असतं. ती वाद्यावरच्या बोटाच्या हुकात घट्ट अडकवलेली असली, की वरचा सूर आला रे आला, ट्रम्पेट तोंडावर ओढलं जातं. वाजवून झालं की ओठांवर लाल वर्तुळ उमटलेलं दिसतं. थोडासा दाब लागतोच, त्याशिवाय हवा बाजूने निसटेल. पण जास्त दाबले की ओठांना थरथरायला जागाच उरत नाही. सूर लागतो खरा, पण चिरका आणि पातळ. ओठ लवकर थकतात, थकले की आपण आणखी दाबतो.

ही सवय नव्या माउथपीसबरोबर तुमच्या घरी जाते. पंधरा दिवसांनी तुम्ही परत: "हाही तसलाच निघाला!" तोंडाला लागलेली वस्तू आम्ही परत घेत नाही, ती दुसऱ्याला कशी देणार? मग वाद होतो, आणि तुमचा सरावाचा पंधरवडा वाया जातो तो वेगळाच.

तेव्हा आधी करंगळी हुकातून काढून त्याच्यावर नुसती टेकवा. वाद्य डाव्या हाताने पेला, उजवा हात व्हॉल्व्हपुरता, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळांपुरता. मग रोज खालचे, सोपे सूर एका दमात लांब धरा. गाणारे खर्ज भरतात तसंच हे. अगदी हळू सुरू करा, आठ-दहा सेकंदांत सूर फुगवा आणि तसाच विरू द्या. हा भाग कंटाळवाणा आहे, पण भरदार आवाज इथेच तयार होतो. सूर फुगवताना ट्यूनरचा (सूर मोजायच्या यंत्राचा) काटा हलत असेल तर घाई करू नका, तो स्थिर राहील इतकाच फुगवा. आणि जितका वेळ वाजवाल तितकाच वेळ ओठांना विश्रांती द्या.

कधी कधी दोष खरंच वाद्यात असतो. ट्यूनिंग स्लाईड (सूर जुळवायची सरकती नळी) काढून लीडपाईपमधून, म्हणजे माउथपीस बसतो त्या नळीतून, उजेडाकडे बघा. आत हिरवट चिकटा दिसला तर तो आवाज कोंडतो. दुसरी परीक्षा व्हॉल्व्हची: पहिला व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाईड बाहेर ओढा, क्षणभर थांबा, मग व्हॉल्व्ह दाबा. 'पॉक' आवाज आला नाही तर हवा गळते आहे. साफसफाई आणि गळती आम्ही एकाच फेरीत बघतो. एवढ्याने आवाज मोकळा झाला, तर माउथपीस घ्यायचा आग्रह आमच्याकडून होणार नाही.

एवढं करूनही बदलायचाच असेल तर जरूर या, दोन-तीन आकार शेजारी ठेवून वाजवून बघा. फक्त नंबर पाहून मागवू नका. बाख कंपनीच्या माउथपीसवर आकडा जितका लहान, कप (ओठांकडची वाटी) तितका रुंद. यामाहाचं बरोबर उलटं. खोली सांगणारी अक्षरंही उलटीच: बाखचा ए खोल, यामाहाचा ए उथळ. लगतच्या दोन आकारांच्या व्यासात फरक असतो तो मिलिमीटरच्या काही दशांशांचा, पण ओठांना तो लगेच कळतो. वरचे सूर सोपे व्हावेत म्हणून उथळ कप घेतलात, तर आवाज आणखी पातळ होईल, हेही आधीच सांगून ठेवतो.

माउथपीस अडकून बसला असेल तर पकडीने पिरगाळू नका, त्यात लीडपाईपच वाकतो. आहे तसाच घेऊन या. तो काढायचं अवजार आमच्याकडे आहे, काम दोन मिनिटांचं असतं.