इथेनॉलच्या टाकीतला ओलावा: हा प्रश्न आला कुठून?

इथेनॉलची, म्हणजे अल्कोहोलची, साठवण जुनी, पण टाकीत ओलावा शिरेल ही धास्ती अलीकडची. साध्या ऊर्ध्वपातनात अल्कोहोल वजनी ९५.६ टक्क्यांवर अडते. त्यापुढे अल्कोहोल आणि पाणी ७८.२ अंश सेल्सिअसला त्याच प्रमाणात एकत्र उकळतात. मालातच साडेचार टक्के पाणी असेल, तर हवेतल्या दमटपणाची पर्वा कोण करणार? १९०२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ सिडनी यंग यांनी बेंझिन मिसळून हे उरलेले पाणी काढले. १९८० च्या दशकापासून बेंझिन मागे पडून थ्री-ए मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे रेणू चाळणारे सच्छिद्र दाणे, आले. त्याची छिद्रे सुमारे ३ अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पाणी आत शिरते, इथेनॉल बाहेरच राहते.

असा कोरडा माल भरमसाट लागू लागला तो इंधनासाठी. ब्राझीलने १९३१ मध्ये आयात पेट्रोलमध्ये ५ टक्के अल्कोहोल सक्तीचे केले आणि १९७५ मध्ये प्रोआल्कूल ही इंधन-अल्कोहोलची योजना आणली. इथेनॉल पेट्रोलच्या डेपोत पोचले, आणि तिथल्या सवयी त्याला नडल्या. पेट्रोलच्या टाकीत पाणी तळाला बसते. डिप रॉडला, म्हणजे पातळी मोजायच्या दांड्याला, लावलेली वॉटर पेस्ट पाणी लागताच रंग बदलते, तळाचा ड्रेन उघडला की काम संपते. इथेनॉलमध्ये पाणी विरघळूनच जाते. पेस्टवर भरवसा ठेवता येत नाही आणि ड्रेनमधून मालच येतो. घनता मोजणारा हायड्रोमीटरही कामाचा नाही: ०.१ टक्का पाण्याने घनता जेमतेम ०.०००३ ने वाढते, आणि तापमान मोजताना अर्ध्या अंशाची चूक झाली तरी तेवढा फरक झाकला जातो. म्हणून पाण्याशी होणाऱ्या रासायनिक अभिक्रियेवरून पाणी मोजणारी १९३५ ची कार्ल फिशर पद्धत इथे अटळ ठरली. नमुना मात्र कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीतच हवा, नाहीतर बाटलीतलाच ओलावा मोजला जातो.

ओलाव्याचा दोष सहसा टाकीच्या ‘श्वासावर’, म्हणजे तापमान बदलले की हवा आत-बाहेर होण्यावर, येतो. हिशोब मांडून पाहावा. १,००० घनमीटरची टाकी अर्धी भरलेली आहे. दिवस-रात्रीच्या १५ अंशांच्या फरकाने सुमारे २५ घनमीटर हवा आत येते. ३० अंशांच्या संपृक्त हवेत घनमीटरला ३० ग्रॅम पाणी, म्हणजे रोज फार तर पाऊण किलो. सुमारे ३९५ टन मालात १०० दिवसांनी ०.०२ टक्केही नाही. याच टाकीत ५० घनमीटरच डेड स्टॉक (न उपसता तळाशी राहिलेला माल) उरला असेल, तर तेवढ्याच दिवसांत आकडा ०.३५ टक्क्यांवर जाऊ शकतो. युरोपीय मानकाची पाण्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. रिकाम्या होत आलेल्या टाक्या म्हणूनच आधी बिघडतात.

पावसाचे गणित याहून वाईट. अशा टाकीचे छत साधारण १०० चौरस मीटर. १०० मिलिमीटर पावसाचे १० घनमीटर पाणी त्यावर पडते. त्यातले ५ टक्के जरी डिप हॅचच्या (छतावरच्या मापाच्या झाकणाच्या) फाटक्या गॅस्केटमधून किंवा उघड्या फ्लोटिंग रूफच्या (मालावर तरंगणाऱ्या छताच्या) सीलमधून झिरपले, तरी अर्धा घनमीटर! त्यामुळे इथेनॉलसाठी पक्के छत आणि हवे तर आत तरंगते छत, अशी रचना रुळली. पाइपलाइन पाण्याने ढकलून रिकामी करण्याची डेपोतली जुनी पद्धतही इथे बंदच ठेवावी लागते.

टाकीतली मोकळी जागा नायट्रोजनने भरून ठेवण्याचा, म्हणजे नायट्रोजन ब्लँकेटिंगचा, खर्च केवळ ओलाव्यासाठी पटत नाही, असे आमचे मत. पण २० अंशांना इथेनॉलवरच्या हवेत सुमारे ६ टक्के वाफ असते आणि पेट घेण्याची कक्षा ३.३ ते १९ टक्के आहे, म्हणजे टाकीतली मोकळी जागा ऐन स्फोटक पट्ट्यात. पेट्रोलची वाफ बहुधा तिच्या स्वतःच्या स्फोटक पट्ट्याच्या वर असते. शिवाय इथेनॉलमध्ये विरघळलेला ऑक्सिजन पोलादाला तडे पाडायला मदत करतो. नायट्रोजन तोही रोखतो. नायट्रोजन सोडणारा रेग्युलेटर आणि दाब वाढला की वायू बाहेर सोडणारा, घटला की हवा आत घेणारा प्रेशर-व्हॅक्यूम व्हॉल्व्ह यांच्या सेटिंगमध्ये अंतर ठेवले नाही, तर नायट्रोजन दिवसभर बाहेर वाहत राहतो. नायट्रोजनचा पुरवठा माल उपसण्याच्या वेगाला पुरणारा असावा, आणि तापलेल्या छतावर अचानक सर आली की होणाऱ्या आकुंचनालाही. तो कमी पडला तर व्हॅक्यूम व्हॉल्व्ह उघडतो आणि नेमकी सर्वांत दमट हवा आत घेतो.

लहान टाक्यांना ब्रीदरवर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या तोंडावर, ओलावा शोषणारे सिलिका जेल बसवतात. ते बाहेर पडणारी इथेनॉलची वाफही शोषते, त्यामुळे लवकर भरते. थ्री-ए सीव्हचे दाणे इथे सरस ठरतात.