पांढरं पडलेलं प्रवाळ अजून जिवंत असतं

मे २०२४ मध्ये लक्षद्वीपभोवतीचं प्रवाळ पांढरंफटक पडलं. आधीच्या ऑक्टोबरपासूनच तिथलं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं. पांढरं दिसलं की मेलं, असं आपल्याला वाटतं. पण तेव्हा ते उपाशी असतं.

प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पारदर्शक ऊतींत एकपेशीय शैवाळ राहतं, उन्हावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. प्रवाळाची उर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंतची गरज अशी भागते, आणि त्याचे बरेचसे रंगही या शैवाळाचेच. पाणी फार तापलं की शैवाळातली प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊ लागतात. ज्याच्या जिवावर जगायचं तोच जिवावर उठतो, म्हणून प्रवाळ त्याला बाहेर काढतं. मग खालचा चुन्याचा सांगाडा आरपार दिसू लागतो. काही आठवड्यांत पाणी निवलं तर शैवाळ परत येतं. नाही निवलं, तर उपासमारीने प्रवाळ मरतं.

म्हणजे प्रश्न तापासारखा आहे: किती चढला आणि किती दिवस राहिला? शास्त्रज्ञ मोजतातही तसंच. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंश किंवा जास्त तापलं की ती वाढ धरायची आणि बारा आठवड्यांची बेरीज करायची. दोन अंशांची वाढ चार आठवडे टिकली, तर आठ अंश-आठवडे. चारला रंग उडू लागतो, आठला मोठ्या प्रमाणावर मरणं सुरू होतं. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेला इशाऱ्यांच्या पट्टीत वरच्या पायऱ्या नव्याने जोडाव्या लागल्या, आता ती वीस अंश-आठवड्यांच्याही पुढे जाते. जुनी पट्टी अपुरी पडली, हे वाचून मी हादरलो होतो.

लक्षद्वीपला असे मोठे तडाखे १९९८, २०१० आणि २०१६ मध्येही बसले होते. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथे चोवीस वर्षं केलेल्या निरीक्षणांत जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ वर आलेलं दिसलं. विशेष म्हणजे नंतरच्या तडाख्यांत मरणारं प्रवाळ कमी होत गेलं, तरी घसरण थांबली नाही. नवी पिल्लं रुजायला, वाढायला वेळ लागतो. साधारण सहा वर्षं शांततेत गेल्यावरच भरपाईने खरा वेग घेतला.

माणसाने वाढवलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो, त्यामुळे ही उसंत आखूड होत चालली आहे. आणि लक्षद्वीपची बेटं उभी आहेत ती प्रवाळाच्याच चुऱ्यावर, समुद्रापासून जेमतेम एक-दोन मीटर उंच. लाटा बाहेरच्या बाहेर फोडणारी भिंतही प्रवाळाचीच. २०२४ पासून सहा वर्षं मोजली तर २०३० उजाडतं. तोवर तरी तिथलं पाणी पुन्हा तापू नये.