आतिथ्य-व्यवस्थापन शिक्षण व रोजगार

हॉटेल, उपाहारगृहे, खानपान सेवा, प्रवासी जहाजे अशा व्यवसायांत नोकरी करण्यासाठी विद्यार्थ्यांना तयार करणारे विद्यापीठीय शिक्षण. फूड प्रॉडक्शन (स्वयंपाक), खाद्यपेय सेवा, फ्रंट ऑफिस (स्वागतकक्ष) व हाउसकीपिंग (खोल्यांची स्वच्छता व निगा) ही त्याची चार परंपरागत अंगे आहेत.

या शिक्षणाचा आरंभ दोन ठिकाणी दाखवला जातो. झाक च्युमी यांनी 1893 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हॉटेलशाळा काढली. तिचे पहिले वर्ग हॉटेलातच भरत. पर्यटन वाढत होते आणि प्रशिक्षित सेवकवर्ग अपुरा पडत होता. तोवर हे काम उमेदवारीतूनच शिकले जाई. दुसरे स्थान अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे. हॉटेलचालकांच्या संघटनेच्या आग्रहावरून तेथे 1922 मध्ये हॉवर्ड मीक यांच्या नेतृत्वाखाली गृहविज्ञान विभागात पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. कालक्रमाने मान लोझानचा; मात्र हिशेबशास्त्र, अभियांत्रिकी व अन्नविज्ञान यांची जोड देऊन व्यवस्थापक घडवण्याची कल्पना कॉर्नेलमध्ये रुजली, म्हणून विद्यापीठीय परंपरेचा उगम तेथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्रिटनमध्ये 1944 च्या सुमारास निघालेली स्कॉटिश हॉटेल स्कूल पुढे स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात सामील झाली.

हिशेबाला मिळालेले महत्त्व नोकरीच्या दृष्टीने निर्णायक ठरले. हॉटेलांच्या एकसमान हिशेबपद्धतीची पहिली आवृत्ती 1926 मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघाली. ती शिकलेल्या पदवीधराला कोणत्याही हॉटेलचा विभागवार जमाखर्च वाचता येऊ लागला. अमेरिकेत 1978 मध्ये विमानभाडी नियंत्रणमुक्त झाल्यावर विमान कंपन्यांनी विकसित केलेले महसूल-व्यवस्थापन, म्हणजे मागणीनुसार दर बदलून उत्पन्न वाढवण्याचे तंत्र, पुढे हॉटेलांत आणि तेथून वर्गात आले. त्यातील पायाभूत माप म्हणजे उपलब्ध खोलीमागील महसूल : भरलेल्या खोल्यांचे प्रमाण गुणिले सरासरी दर. शंभरांपैकी 80 खोल्या 50 एकक दराने गेल्या तर हे माप 40 येते. 65 खोल्या 70 दराने गेल्या तर 45.5. दुसऱ्या स्थितीत सफाई व धुलाईचा खर्चही कमी येतो. हॉटेल भरलेले असणे म्हणजे नफा नव्हे, हे विद्यार्थ्याला अशा गणितांतून कळते. ही समज केवळ सेवेच्या सरावातून येत नाही.

प्रात्यक्षिकांसाठी बहुतेक संस्थांत प्रशिक्षण स्वयंपाकघर व उपाहारगृह असते. विद्यार्थी आळीपाळीने स्वयंपाकी, वाढपी व पर्यवेक्षक होतात. कॉर्नेलमध्ये तर 1920 च्या दशकाच्या मध्यापासून विद्यार्थी स्वतः हॉटेल चालवून हॉटेलचालकांना पाहुणे म्हणून बोलावतात. अन्नसुरक्षेत एचएसीसीपी (धोक्यांचे विश्लेषण व निर्णायक टप्प्यांवर नियंत्रण) पद्धत शिकवतात; 1960 च्या दशकात अंतराळवीरांच्या अन्नासाठी आखलेली ही पद्धत आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने 1993 मध्ये स्वीकारली. शिजवलेले अन्न 5 ते 60 अंश सेल्सियसच्या दरम्यान फार वेळ राहू न देणे हा तिच्या वापरातला नेहमीचा पाठ.

इंडस्ट्रियल ट्रेनिंगचा, म्हणजे प्रत्यक्ष हॉटेलात काम करत घ्यायच्या प्रशिक्षणाचा, काळ साधारणतः काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंत असतो. त्याच्या मूल्याविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते नोकरी मिळण्यात त्याचाच वाटा सर्वाधिक, तर काहींना तो स्वस्त मनुष्यबळाचा पुरवठा वाटतो. दोन्हींत तथ्य आहे. विभाग ठरावीक काळाने बदलले, लॉगबुक (कामाची नोंदवही) पर्यवेक्षकाने खरोखर तपासले आणि परतल्यावर त्या अनुभवावर वर्गात चर्चा झाली, तर पहिले मत खरे ठरते. महिनोन्‌महिने एकाच विभागात राबवून घेतलेला विद्यार्थी मात्र वेग कमावतो, व्यवस्थापन शिकत नाही.

संवादकौशल्य, परभाषा, तक्रारनिवारण व कायदा यांचेही अध्यापन होते. त्यांची परीक्षा बहुधा तोंडी किंवा अभिनीत प्रसंगांद्वारे घेतात.