डायोरामातला रस्ता आला कुठून?

रणगाड्याचं किंवा जुन्या मोटारीचं छोटं मॉडेल जोडून, रंगवून झालं की ते उभं कशावर करायचं हा प्रश्न उरतोच. त्याभोवती छोटा देखावा, म्हणजे डायोरामा, रचायला दिव्याचे खांब, बाकं, दगडी फरसबंदीचे तुकडे, गटाराची झाकणं, दिशादर्शक पाट्या, पडक्या विटांच्या भिंती असा सगळा साज आज खोक्यात भरून विकत मिळतो. या संचांचा इतिहास चाळला तर गंमत अशी दिसते की रस्ता आपणहून कधी आलाच नाही. आधी तो आगगाडीच्या मागून आला, मग रणगाड्याच्या.

आगगाडी लिव्हरपूलची. मेकॅनो कंपनीच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० पासून ओ गेजच्या (रुळांच्या एका ठरावीक रुंदीच्या) खेळण्यातल्या गाड्या बाजारात आणल्या. रूळ झाले, स्टेशन झालं, पण फलाट ओस. म्हणून १९३१ पासून हमाल, स्टेशनमास्तर, प्रवासी, गायी-मेंढ्या अशा धातूच्या मूर्ती निघाल्या. डिसेंबर १९३३ मध्ये याच मालिकेत संच क्रमांक २२ आला. त्यात सहा वाहनं होती आणि त्यांचं काम स्टेशनाबाहेर उभं राहण्याचं. १९३४ मध्ये त्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळालं. पुढे हा जोडमालच इतका गाजला की डिंकी म्हटलं की लोकांना मोटारीच आठवू लागल्या.

मोटारी आल्या म्हणजे सिग्नल हवेत. त्याच १९३४ साली ब्रिटनचे वाहतूक मंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या कारकिर्दीत पादचाऱ्यांच्या ओलांडणीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, डोक्यावर नारिंगी गोळा असलेले खांब उभे राहू लागले. पुढच्याच वर्षी डिंकीने तो खांब खेळण्यात आणला, सोबत वाहतुकीचे दिवे आणि बारा पाट्यांचा एक संच. खऱ्या रस्त्यावरचा रंग अजून पुरता वाळलाही नव्हता! आजचे मॉडेलवाले अमुक साली अमुक पाटी होती का यावरून वाद घालतात, तेव्हा हे डिंकीचे खांब मला हटकून आठवतात. इथे काळ सांगतो तो रस्त्यावरचा खांब. मोटार काय, वीस वर्षं जुनी असली तरी रस्त्यावर धावू शकते.

युद्धानंतर धातूची जागा प्लास्टिकने घेतली. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाखला फालर बंधूंनी १९४६ मध्ये सुरू केलेली कंपनी १:८७ च्या, म्हणजे खरीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढ्या, रेल्वेसाठी घरं, दुकानं, चर्च बनवू लागली. इंग्लंडात एअरफिक्सने पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात रुळांकाठच्या इमारतींची स्वस्त मालिका काढली. तिचे साचे पुढे डेपोल कंपनीकडे गेले. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून असलेल्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयातही गाड्यांभोवती रस्ते आणि गाव आहेच. रेल्वेच्या छंदात हा सगळा पसारा गृहीतच धरलेला असतो.

रणगाड्यांचं प्रकरण वेगळं. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामियाने साठीच्या दशकाच्या सुरुवातीला मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटार आणि सेल बसावेत एवढा आकार धरला, तो १:३५ निघाला. हिशेब सेलचा, पण आज निम्मी लष्करी मॉडेलसृष्टी त्याच प्रमाणावर उभी आहे. १९६८ मध्ये तामियाची सैनिकांच्या मूर्तींची मालिका सुरू झाली, आणि सत्तरच्या दशकात वाळूच्या पोत्यांचे, अडथळ्यांचे, विटांच्या भिंतींचे छोटे संच तिच्यात आले. त्याच सुमारास अमेरिकेत मोनोग्राम कंपनीने आपल्या खोक्यांत मॉडेलकार शेपर्ड पेन यांची डायोरामा कसा रचावा हे दाखवणारी पत्रकं घातली. नुसतं मॉडेल नव्हे, प्रसंग रचायचा ही कल्पना अनेक घरांत पोचली ती अशी. मग बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडन यांनी प्लास्टर आणि रेझिनमधून पडक्या भिंती, कमानी, रस्त्याचे तुकडे विकायला काढले.

रस्त्यालाच नायक केलं ते कीव्हच्या मिनीआर्टने. २००१ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने युरोपीय गल्ल्या, ट्राम, घड्याळाचे आणि दिव्याचे खांब १:३५ मध्ये आणले. बरीच वर्षं त्यांच्या मोठ्या भिंती आणि फरसबंदी ‘व्हॅक्युफॉर्म’ पद्धतीच्या असत. प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून साच्यावर टाकायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची. एवढा मोठा तुकडा यात स्वस्तात निघतो, पण दगडांच्या कडा मऊ पडतात आणि पाठ पोकळ राहते. कापून, घासून, मागे प्लास्टर भरल्याशिवाय तो रस्ता बोटाखाली दबतो. शेजारचा दिव्याचा खांब मात्र दाबाने साच्यात ओतलेला, त्यावरची नक्षीसुद्धा धारदार. एकाच खोक्यातल्या या दोन पोतांची सांगड घालण्यातच निम्मा वेळ जातो.

अशा संचांतला रस्ता बहुतेकदा युरोपातलाच असतो. जाहिराती चिकटवायचा जाडजूड गोल खांब घ्या. बर्लिनचा मुद्रक एर्न्स्ट लिटफास याने १८५५ मध्ये असे खांब शहरभर उभे केले, कारण लोक भिंती-झाडं न बघता कागद डकवत होते. तो चौकात ठेवला की जागा जर्मनीतली की फ्रान्समधली याबद्दल मतभेद होतील, पण ती सोलापूरची नाही हे नक्की.

प्रमाणाचा हट्टही याच छंदातला. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कोणी हरकत घेत नाही. इथे ४.२ मीटरचा खांब १:३५ मध्ये बरोबर १२ सेंटिमीटरच हवा. तोच ब्रिटिश रेल्वे मॉडेलांच्या १:७६ मध्ये साडेपाच सेंटिमीटर होतो, म्हणून रेल्वेचा साज रणगाड्याला चालत नाही.

गेल्या काही वर्षांत लेझरने कापलेला पुठ्ठा आणि त्रिमितीय वस्तू छापणारे घरगुती रेझिन प्रिंटर आल्यापासून कंपनीच्या यादीवर अडून राहायचं कारण उरलेलं नाही. गल्लीतला २.८ मीटरचा बसथांबा टेपने मोजून संगणकावर काढला, तर १:३५ मध्ये तो ८ सेंटिमीटरचा छापून निघतो.