दोन आया आणि एक रकाना : समलिंगी पालकत्वाची कायदेशीर पार्श्वभूमी

शाळेच्या प्रवेश अर्जावर ‘पालकाचे नाव’ आणि त्याशेजारी ‘पाल्याशी नाते’ असे दोन रकाने असतात. दोन स्त्रिया मिळून मूल वाढवत असतील, तर त्यांपैकी एकीचीच नोंद आई म्हणून होते. दुसरी, जी रोज डबा भरते, मुलाला शाळेत सोडते आणि पालकसभेला बसते, तिच्या नावापुढे ‘मावशी’ लिहिले जाते. सोलापुरात, जिथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलले जाते आणि कोण कोणाचे कोण हे शेजाऱ्यांना कागदाच्या आधी ठाऊक असते, तिथे ही मावशी बहुधा खपूनही जाते. अडते ते इस्पितळातल्या संमतीपत्रावर सही करताना, आणि नोंद असलेली आई अकाली गेली तर मुलाचा ताबा कोणाकडे, हे ठरताना.

सोलापूरचा ‘सेटलमेंट’ हा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या, इंग्रजी राजवटीतल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेल्या लोकांच्या वसाहतीवरून ते नाव पडले. त्या कायद्याच्या १८७१ च्या मूळ रूपाला एक दुसरा भागही होता, ज्याची आठवण आज फारशी निघत नाही. उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या त्या भागानुसार, सरकारी नोंदवहीत ‘नपुंसक’ म्हणून नाव चढलेल्या व्यक्तीला (यात मुख्यतः हिजडा समाजातली माणसे येत) अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचे पालक होता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे आणि मुलगा दत्तकही घेता येत नसे.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने अविवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे मूल दत्तक घेण्याचा हक्क दिला, आणि मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. त्यातले कलम १४ मुद्दाम वाचावे असे आहे. अविवाहित स्त्रीने मूल दत्तक घेतले आणि पुढे लग्न केले, तर तिचा नवरा त्या मुलाचा सावत्र बाप मानला जातो. म्हणजे मूल दहा वर्षांचे झाल्यावर घरात आलेल्या पुरुषालाही कायद्यात एक नाते मिळते. त्या मुलासाठी पहिल्या रात्रीपासून जागलेल्या दुसऱ्या स्त्रीच्या वाट्याला सावत्रपणसुद्धा येत नाही.

तृतीयपंथी ओळखीला मान्यता देणारा २०१४ चा आणि समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढणारा २०१८ चा, हे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल सर्वांना माहीत आहेत, म्हणून त्यांत शिरत नाही. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या कायद्याने ‘कुटुंब’ म्हणजे रक्ताने, विवाहाने किंवा रीतसर दत्तकाने जोडलेली माणसे अशी व्याख्या केली, आणि तृतीयपंथी समाजात गुरू आणि तिचे चेले मिळून जे घर करतात, ते त्या व्याख्येबाहेर राहिले. यल्लम्मा देवीला वाहिलेले, स्त्रीवेशात राहणारे जोगते सोलापूर परिसराला अनोळखी नाहीत. गुरूला आईच्या जागी मानणारे आणि म्हातारपणी तिचे सगळे करणारे चेले या व्याख्येनुसार तिचे कोणीच लागत नाहीत. २०२२ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या कायद्याने सरोगसीही विवाहित जोडपी आणि विधवा किंवा घटस्फोटित स्त्रिया यांच्यापुरतीच ठेवली.

खरा पेच मात्र दत्तकाच्या नियमांत आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली एकटी व्यक्ती दत्तक घेऊ शकते, फक्त एकट्या पुरुषाला मुलगी दिली जात नाही. जोडप्याला २०२२ च्या दत्तक नियमावलीतील नियम ५(३) नुसार किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक नाते दाखवावे लागते. त्याच वर्षी दत्तकाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या (‘कारा’) १६ जूनच्या परिपत्रकाने, लग्नाविना जोडीदारासोबत राहणाऱ्या एकट्या अर्जदारालाही अपात्र ठरवले. जोडीदार लपवणाऱ्याचा अर्ज पुढे सरकावा आणि खरे सांगणाऱ्याचा अडावा, असा त्याचा परिणाम झाला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या याचिकांवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर एकमत दाखवले, पण दत्तकाच्या मुद्द्यावर ते तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले. नियम ५(३) मूळ कायद्याची मर्यादा ओलांडतो आणि भेदभाव करतो, तसेच विवाहित भिन्नलिंगी जोडपेच मुलाला स्थैर्य देऊ शकते असे दाखवणारा कोणताही पुरावा समोर नाही, असे अल्पमत होते. बहुमताचा युक्तिवादही हलका समजू नये. लग्न मोडले तर ताबा, निर्वाह आणि वारसा यांचे कायदे मुलाच्या पाठीशी उभे राहतात. लग्नच नसेल तर मुलाने कशाच्या आधारावर हक्क मागायचा, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी शासनावर सोपवले. तरीही ज्यांना लग्नाची वाटच मोकळी नाही, त्यांना लग्न नाही म्हणून मूल नाकारले जाते, आणि या फेऱ्यात त्या मुलाच्या पदरी दुसरे माणूस पडत नाही, हे त्या निकालानंतरही तसेच राहिले. पुनर्विलोकन याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळण्यात आल्या.

यात मराठी शब्दाचाही गुंता आहे. पालकसभेतले पालक म्हणजे आईवडील. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातला पालक म्हणजे अज्ञान मुलाच्या सांभाळाची जबाबदारी असलेली व्यक्ती, आणि ती जबाबदारी मूल सज्ञान झाले की संपते. मुलाला काही काळ घरी ठेवून घेणाऱ्यांनाही आपण पालकच म्हणतो. त्यामुळे शाळेने दुसऱ्या आईला पालक म्हणून सही करू दिली की तिला हक्क मिळाला असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात आयुष्यभर आणि वारशापर्यंत टिकणारे मातृत्व तिला मिळालेले नसते. कायद्यातले पालकत्वसुद्धा नसते.

हाच गुंता अलीकडच्या घडामोडींतही दिसतो. सप्टेंबर २०२४ च्या आरंभी केंद्र सरकारने जाहीर केले की रेशनकार्डासाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानावे आणि संयुक्त बँक खात्याला त्यांना आडकाठी नसावी. त्यात मुलांविषयी काही नव्हते. जून २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका पारलिंगी (ट्रान्सजेंडर) जोडप्याच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर माता-पिता हे शब्द काढून दोघांची नोंद लिंगनिरपेक्ष शब्दाने करण्यास सांगितले. तो शब्द मराठीत आणायचा तर ‘पालक’च लिहावे लागेल, आणि जन्म देणारा माणूस कागदावर सांभाळणारा ठरेल. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावाचा क्रम बदलला आहे : आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. आईचे नाव पुढे आले, ही फार वर्षांची मागणी होती आणि तिचे स्वागतच आहे. दोन आयांच्या मुलीसाठी मात्र त्या क्रमात एकाच आईची जागा आहे.