पिल्लाची टाच बघा: शॅमेलिअन नर की मादी?

व्हेल्ड शॅमेलिअन हा रंग बदलणारा सरडा मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्येकडचा. त्याचं पिल्लू नर आहे की मादी, हे ते अंड्यातून बाहेर पडतं तेव्हाच ओळखता येतं. रंग बघायचा नाही, डोक्यावरचा तुराही नाही. मागच्या पायांची टाच बघायची.

शॅमेलिअनची बोटं चिमट्यासारखी दोन जुड्यांत जुळलेली असतात. मागच्या पायाला आतल्या बाजूने दोन, बाहेरच्या बाजूने तीन. या जुड्यांच्या मागे, टाचेवर, नराला एक मांसल उंचवटा असतो. त्याला स्पर म्हणतात. भिजवलेल्या मुगाला मोड येताना टोकाशी जेवढं फुगलेलं दिसतं, साधारण तसा. मोठ्या नरात तो सहज नजरेत भरतो, पण पिल्लात टाचणीच्या डोक्याएवढाच असतो. मादीची टाच साफ सपाट.

हे बघण्यासाठी पिल्लाला उचलून पाय उलटा करू नका. ते नाजूक असतं, शिवाय घाबरलं की खाणं टाकतं. ते काडीवर चढत असताना मागून मोबाइलवर फोटो घ्या आणि मोठा करून बघा. टॉर्चचा उजेड बाजूने पडू द्या, म्हणजे उंचवट्याची सावली दिसेल. दोन्ही टाचा तपासायच्याच. कात टाकताना कातडीचा तुकडा टाचेला चिकटून राहतो आणि हुबेहूब स्परसारखा दिसतो. एकाच पायावर काही दिसलं, तर कात पूर्ण निघाल्यावर पुन्हा बघा.

तुऱ्यावरून ठरवणारे हमखास फसतात. तुरा दोघांनाही असतो आणि नराचा उंच होतो तो वाढ होता होता. 'तुरा लहान, म्हणजे मादी' असं सांगून विकलेलं पिल्लू पुढे नर निघतं ते यामुळेच.

ही खूण सगळ्या जातींना मात्र लागू नाही. मादागास्करच्या पँथर शॅमेलिअनच्या नराला स्पर नसतो. तिथे शेपटीचं मूळ खालून बघावं लागतं. नराची जननेंद्रियं तिथे आत दुमडलेली असतात, म्हणून ती जागा फुगीर दिसते आणि शेपूट त्यापुढे निमुळती होते. मादीची शेपूट मुळापासूनच बारीक होत जाते. हा फरक तीन-चार महिन्यांनंतर उमगतो, तोही एकाच वयाची पिल्लं शेजारी ठेवून बघितली तर. नराचे भडक रंग त्याहून उशिरा येतात. मादी फिकट गुलाबी-तपकिरीच राहते. केनिया-टांझानियाच्या जॅक्सन शॅमेलिअनमध्ये नराला तीन शिंगं असतात, पण काही उपजातींत मादीलाही शिंगं येतात, तेव्हा नुसत्या शिंगांवर विसंबू नये.

आपल्याकडचा घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिअन, पाळण्याचा विचारही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. परदेशी शॅमेलिअन असेल, तर त्याची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

लिंग लवकर कळण्याची खरी गरज मादीसाठी आहे. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते, एका वेळी वीस ते सत्तर, कधी त्याहून जास्त. ती चार-सहा महिन्यांतच वयात येते. नर समजून तिला भरपूर खाऊ घातलं, तर अंडी आणखी वाढतात आणि अंगातलं कॅल्शियम ओढलं जातं. पुरायला जागा नसेल, तर ती अंडी पोटातच अडकतात आणि मादी दगावते.

म्हणून चौथ्या महिन्यापासूनच पिंजऱ्यात वाळूचा डबा ठेवा. वाळू किमान ३० सेंटिमीटर खोल हवी आणि बोटाने पाडलेलं भोक ढासळणार नाही इतकी ओली. हिरव्या अंगावर पिवळे-निळे ठिपके उठले, पोट गोटे भरल्यासारखं दिसू लागलं आणि ती पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या घालू लागली, की ती अंड्यावर आली आहे. ती उकरत असताना डोकावू नका. कुणी बघतंय हे कळलं तर ती काम अर्धवट सोडते. मात्र अंडी न घालताच ती दिवसा डोळे मिटून तळाशी पडून राहिली, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या.