पुण्यात जर्मन आली ती संस्कृतच्या वाटेने

आठवीला संस्कृत घ्यायचं की जर्मन, ह्यावरून पुण्यातल्या कितीतरी घरांत दरवर्षी चर्चा झडते, आणि शेवटी मार्क कशात जास्त पडतात त्यावर गाडी येऊन थांबते. मला ह्या दोन भाषा अशा आमनेसामने उभ्या केलेल्या अजिबात पटत नाही, कारण आपल्याकडे जर्मन आली तीच मुळात संस्कृतमुळे.

१८५९ मध्ये मार्टिन हाउग हे जर्मन पंडित पुण्यात संस्कृत शिकवायला आले. १८६६ ला ते परत गेले आणि त्याच वर्षी फ्रान्झ कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात आले ते थेट १८८१ पर्यंत राहिले. पगार शिकवण्याचा मिळायचा खरा, पण हा माणूस स्वतः इथल्या शास्त्रीबुवांकडे बसून व्याकरण शिकला, नागेशभट्टाचा परिभाषेन्दुशेखर म्हणजे चांगल्या चांगल्यांना घाम फोडणारा ग्रंथ, तो त्यांनी संपादित करून इंग्रजीत आणला आणि पुढे पतंजलीचं महाभाष्य तीन खंडांत काढलं. जर्मन प्रोफेसरने पुणेरी शास्त्र्यांचं शिष्यत्व घेतलं ही गोष्ट शाळेत का सांगत नाहीत कळत नाही.

मग उलटा प्रवाह सुरू झाला. ब्योटलिंक आणि रोट ह्यांचा सात खंडांचा मोठा संस्कृत कोश १८५५ ते १८७५ ह्या काळात सेंट पीटर्सबर्गहून निघाला, त्यात शब्द संस्कृत पण अर्थ जर्मनमध्ये. वेदातला एखादा शब्द नीट बघायचा तर हा कोश उघडायलाच लागायचा, म्हणजे आपल्याच भाषेचा गंभीर अभ्यास करायला जर्मन वाचता येणं आलं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने डॉक्टरेट दिली. विष्णु सीताराम सुखटणकर तर बर्लिनला शिकून आले आणि १९२५ पासून भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम त्यांनी हातात घेतलं, शेकडो हस्तलिखितं ताडून मूळ पाठ शोधायची जी शिस्त त्यात दिसते तिच्यामागे बर्लिनची तालीम होती.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात मोठं वाटतं ते इरावती कर्वे ह्यांचं काम. १९२८ ला त्या पीएचडीसाठी बर्लिनला गेल्या, गाईड ऑयगेन फिशर. कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि त्याचा वंशाशी संबंध आहे, गोरे लोक त्यात वरचढ, असं फिशर ह्यांचं म्हणणं होतं. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाशी काही संबंध सापडत नाही असा निष्कर्ष काढला, तोही जर्मनमध्ये लिहिलेल्या प्रबंधात, गाईडच्याच भाषेत गाईडचं म्हणणं खोडून काढलं. भाषा येणं म्हणजे काय ह्याचं ह्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

स्वातंत्र्यानंतर कारखाने आले. १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी निघाली ती हॅम्बर्गच्या कंपनीशी हातमिळवणी करून, पुढे २००९ च्या सुमारास चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज. बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत, इंजिनिअर मंडळींची गर्दी होऊ लागली. आता नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी मुलं क्लासला येतात, कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला.

ही मुलं येताहेत हे मला मनापासून आवडतं, पण क्लासवाले त्यांना फक्त बी-वन, बी-टू ह्या भाषेच्या मधल्या पातळ्यांच्या पेपरसाठी पळवतात ते बघून काळजी वाटते. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट, तिच्या बाजूचे म्हातारे पेशंट तिथल्या स्वाबियन बोलीत बोलणार, क्लासात शिकवतात ती प्रमाण जर्मन, तिथे पोचलेल्या नर्सला पहिल्याच शिफ्टला आजोबा नक्की काय मागताहेत हे कळायला पाहिजे. त्यासाठी लिहिण्यापेक्षा ऐकण्याचे तास वाढवा, आणि शक्य असेल तिथे त्या भागात राहून आलेले शिक्षक नेमा.